दर्यापार जाणाऱ्याचा दाखला

मालवणच्या बंदरातून दर्यापार जावयाचे तर वाऱ्याची अनुकूलता जितकी आवश्यक, तितकाच कोणा तरी सत्ताधीशाच्या शिक्क्याचा कागद जवळ असणे आवश्यक, ही स्थिती या किनाऱ्यावर चार-पाचशे वर्षे चालत आलेली आहे. आज मसुरे, आचरे किंवा देवबाग येथील तरुण परदेशच्या व्हिसासाठी जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पदवीचे प्रमाणपत्र आणि विवाहाची नोंद यांचे पुडके घेऊन ओरोसपासून मुंबईपर्यंत निरनिराळ्या कचेऱ्यांत हेलपाटे घालतो, तेव्हा आपण केवळ आजच्या काळाची पीडा भोगत आहो असे त्याला वाटते. परंतु त्याच्या पूर्वजांनीही गलबताच्या नाळीवर उभे राहून असाच कागद परक्या आरमाराच्या कप्तानाला दाखविलेला आहे, आणि त्या कागदाच्या खरेपणाविषयी असेच वादही घातलेले आहेत. त्या परंपरेकडे मागे वळून पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते, ती अशी की शिक्के बदलले, भाषा बदलल्या, राज्ये बदलली, तरी मनुष्याची खरी ओळख ज्या जागी लिहून ठेवली जाते ती जागा त्याचे गाव हीच राहिली. आणि नेमक्या त्याच जागेची आपण सर्वांत अधिक हेळसांड केली.

पोर्तुगीज या समुद्रात येण्यापूर्वी अरब, गुजराती, मलबारी आणि कोकणी तांडेल आपापल्या हिशेबाने ये-जा करीत. बंदरात जकात द्यावी लागे, परंतु खुल्या समुद्रावर कोणाचा परवाना मागण्याची रीत नव्हती. सोळाव्या शतकाच्या आरंभी ती रीत पोर्तुगिजांनी सुरू केली. त्यांच्या परवान्यास 'कार्ताझ' म्हणत. गलबताचे नाव, नाखव्याचे नाव, आकारमान, कोणत्या बंदरातून निघणार आणि कोठे जाणार, बरोबर माणसे व हत्यारे किती, हे सर्व त्यात नमूद केलेले असे; मिरीसारखा काही माल न्यावयाचा नाही, तुर्कांना जागा द्यावयाची नाही, आणि पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरावयाची, अशा अटी त्याखाली असत. हा कागद जवळ नसलेले जहाज धरून लुटणे पोर्तुगिजांना त्यांच्या कायद्याप्रमाणे न्याय्य होते. १५१० साली गोवे त्यांच्या हाती गेल्यावर मालवण, वेंगुर्ले, देवगड या बंदरांतील गलबते त्यांच्या दाराशीच आली, आणि या किनाऱ्यावरील व्यापाऱ्याला दुसऱ्याच्या शिक्क्याची सवय तेव्हापासून जडली.

कार्ताझाचा जाच केवळ लहान नाखव्यांनाच होता असे नाही. अकबर बादशहाच्या दरबारातील एका थोर धर्मशास्त्र्याने हजयात्रा सध्या बंधनकारक नाही असे मत दिले, आणि त्याच्या कारणांपैकी एक असे की समुद्रमार्गे जावयाचे तर येशू व मेरी यांच्या प्रतिमा असलेला फिरंगी परवाना बाळगावा लागतो. दिल्लीच्या सार्वभौमाच्या प्रजेला तीर्थयात्रेसाठी परक्यांचे चित्रांकित पत्र खिशात ठेवावे लागे, ही त्या काळच्या समुद्रसत्तेची खरी मोजमापे आहेत. याहूनही उद्बोधक प्रसंग १६१३ सालचा. जहांगीर बादशहाच्या मातुःश्रींच्या मालकीचे 'रहिमी' नावाचे प्रचंड जहाज रीतसर कार्ताझ बाळगून मक्केच्या बाजूने परतत असता पोर्तुगिजांनी ते पकडले आणि मालासह व यात्रेकरूंसह गोव्यास नेले. कागद खरा होता, शिक्का खरा होता. देणाऱ्याने आपला शब्द पाळावयाचा नाही असे ठरविले, तेव्हा त्या दोहोंचा उपयोग झाला नाही. परवान्याचे सामर्थ्य तो देणाऱ्याच्या सचोटीइतकेच असते, हे या किनाऱ्याला इतक्या लवकर आणि इतक्या कठोर रीतीने शिकावयास मिळाले.

मराठी राज्याने आरमार उभारले ते या पार्श्वभूमीवर. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी घातला, आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत याच मालवणाहून बसरूरच्या स्वारीसाठी महाराज स्वतः आरमारासह निघाले. आपल्या पाण्यावर आपलाच कौल चालावा ही आकांक्षा त्या दगडी तटांच्या मागे होती. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिल्या गेलेल्या आज्ञापत्रात आरमाराविषयी जे प्रकरण आहे, त्यात कौल घेतलेल्या सावकारांच्या तरांड्यांना कोणत्याही प्रकारे उपद्रव होऊ नये याविषयी स्पष्ट ताकीद आहे. व्यापाऱ्याला अभय देणे हे राज्याच्या लौकिकाचे लक्षण आहे, ही जाणीव त्या ताकिदीत दिसते, आणि आमच्या मते मराठ्यांच्या समुद्रनीतीतील हा सर्वांत अभिमानास्पद भाग आहे.

कान्होजी आंग्रे यांच्या काळात दस्तकाचा, म्हणजे मराठी सागरी परवान्याचा, अंमल सर्वाधिक कडक झाला. त्यांचे म्हणणे सरळ होते: या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबताने आंग्र्यांचे दस्तक घ्यावे, न घेतल्यास ते जप्त होईल. इंग्रज कंपनीने स्वतःच्या जहाजांपुरते हे नाकारलेच, परंतु खरा तंटा माजला तो निराळ्या कारणाने. देशी व्यापारी आपला माल इंग्रजांच्या नावाखाली व निशाणाखाली चढवून दस्तकाची फी चुकवू लागले, आणि कान्होजींना प्रत्येक गलबतावर हाच प्रश्न उभा राहू लागला की माल खरोखर कोणाचा आणि कागद खरोखर कोणाचा. आज पारपत्रावरील छायाचित्र आणि समोरचा चेहरा ताडून पाहणाऱ्या अधिकाऱ्यासमोर जो प्रश्न असतो तोच हा. १७१७ साली इंग्रजांनी विजयदुर्गावर केलेला हल्ला फसला. १७२९ साली कान्होजी गेले. आणि १७५६ साली विजयदुर्ग पडला, तेव्हा या पाण्यावरील मराठी दस्तकाची सत्ता बहुतांशी संपुष्टात आली.

त्या काळी कागद खरा ठरत असे तो कसा, हे थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. राजपत्राच्या मस्तकी मुद्रा असे, आणि मजकूर संपताच 'मर्यादेयं विराजते' अशा अक्षरांची लहान मोर्तब उमटविली जाई. मोर्तबेच्या खाली कोणी एक ओळ जास्त लिहिली तर ती उघड बनावट ठरावी, हा त्यामागील हेतू. पाठीवर दफ्तरदारांचे शेरे पडत: कागद कोणत्या दफ्तरात रुजू झाला, कोणत्या तारखेस 'बार' झाला, याची ती नोंद असे. शिक्का, सही, तारीख आणि जावक क्रमांक ही आजची चौकट त्या व्यवस्थेतच पुरती तयार झालेली होती.

परंतु या शिक्क्यांहून भिन्न असा दुसरा एक पुरावा त्या समाजात होता, आणि त्याचे मोल आम्हाला अधिक वाटते. अमुक मनुष्य अमक्याचा पुत्र आहे, अमुक वतन त्याचे आहे, असा वाद उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे, जाणती माणसे साक्ष देत, आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. त्यावर ज्यांना लिहिता येई ते नावे घालीत; ज्यांना येत नसे ते आपल्या व्यवसायाची निशाणी काढीत, पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची रांपी. कुडाळ-मालवण प्रांतात गावकर, मानकरी आणि प्रभू-देसाई यांच्या संमतीने हेच कार्य चाले. राजमुद्रा सांगे की हा कागद आमच्या दफ्तरातून निघाला. महजर सांगे की यात लिहिलेली गोष्ट खरी आहे, कारण आम्ही त्या मनुष्याला ओळखतो. अधिकाराची ग्वाही आणि ओळखीची ग्वाही, या दोन गोष्टी एक नव्हेत. पुढील दोनशे वर्षांत पहिली सारखी वाढत गेली आणि दुसरी आटत गेली.

१८१२ साली कोल्हापूरकरांनी मालवण आणि सावंतवाडीकरांनी वेंगुर्ले इंग्रजांच्या स्वाधीन केले. त्यानंतर दोनच तपे लोटली नाहीत तोच या भागातील माणसे मजूर म्हणून समुद्र ओलांडू लागली. १८३४ पासून मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांसाठी हिंदी मजूर नेण्यात येऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूर बहुसंख्येने रत्नागिरी, सावंतवाडी व सातारा या बाजूचे होते. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, परगणा, जिल्हा, अंगावरील खूण, अशी प्रत्येकाची नोंद परदेशस्थ नोंदवहीत झाली. १८६७ च्या कायद्याने तेथील जुन्या मजुरांवर स्वतःचे छायाचित्र लावलेले ओळखपत्र सदैव जवळ बाळगण्याची सक्ती आली. ते नसल्यास अटक होई. ज्या मनुष्याला स्वतःच्या गावात कोणी कधी कागद विचारला नव्हता, त्याचे पहिले छायाचित्र अशा पासावर काढले गेले, ही गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. परंतु काळाची गती अशी विलक्षण की त्याच नोंदवह्या आज त्यांच्या वंशजांचे सर्वांत मोठे धन होऊन बसल्या आहेत. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या जतन केलेल्या आहेत. भारताच्या परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड मिळावे म्हणून मॉरिशसचे मराठी कुटुंब त्यांतून आपल्या पणजोबाचा उतारा काढते, आणि २०२४ साली भारत सरकारने ही सवलत तेथील हिंदी वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत वाढविली आहे. पणजोबाच्या गावी मात्र त्याच काळातील नोंद सापडेल अशी शाश्वती कोणीही देऊ शकत नाही.

इंग्रजी अंमलात या लहानशा टापूची जी राजकीय विभागणी झाली होती तिचा परिणाम कागदांवर मोठा विचित्र होत असे. मालवण आणि वेंगुर्ले रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे खालसा मुलखात. तेथील मनुष्य ब्रिटिश प्रजाजन. काही कोसांवर सावंतवाडी संस्थान. तेथील मनुष्य केवळ ब्रिटिशांच्या संरक्षणाखालचा. तेरेखोलची खाडी ओलांडली की पेडणे, जे १७८८ पर्यंत सावंतांचेच होते. तेथील मनुष्य पोर्तुगीज. भाषा एक, दैवते एक, सोयरीक एक, आणि परदेशी जाताना दाखवावयाचे कागद तीन प्रकारचे. एकाच आईच्या दोन मुली दोन गावांत दिल्या तर त्यांची मुले निरनिराळ्या राष्ट्रांची ठरत. संस्थान १९४८ साली विलीन झाले, गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. तरी त्या जुन्या रेषेचे परिणाम संपले नाहीत. मुक्तीपूर्वी, १९५४-५५ साली, गोव्याच्या हद्दीवर निर्बंध आले तेव्हा बांदे, सातार्डे, आरोंदे या गावांच्या लोकांना माहेरी-सासरी जाण्यासही परवाना लागू लागला. आणि आजही मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजोबांच्या पोर्तुगीज जन्मनोंदीच्या आधारे लिस्बन येथे नाव नोंदविण्याची खटपट सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची कुटुंबे करीत असतात. त्या नोंदी सापडतात, कारण तेथील शासनाने त्या कसोशीने ठेवल्या. एवढे श्रेय परकीय सत्तेलाही दिले पाहिजे.

जहाजावरच्या नोकरीने या किनाऱ्याला स्वतःचा असा एक दाखला दिला. खलाशाच्या चाकरीची नोंद असणारे पुस्तक, ज्याला बंदरावर सगळे 'नल्ली' म्हणतात, ते हाती आले की गाबीत, खारवी, कोकणी मुसलमान आणि ख्रिस्ती तरुणांना पीअँडओसारख्या कंपन्यांच्या आगबोटींची दारे उघडत. हे पुस्तक मुंबईच्या शिपिंग मास्तरच्या कचेरीतून मिळे, परंतु तेथपर्यंत पोहोचविण्याचे काम सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, करी. कोणता पोरगा कोणाचा, अंगात कस आहे की नाही, बोटीवर तोंड काळे करील की निभावून नेईल, याची हमी तो घेई. गावाने मुंबईत चालविलेल्या खोलीत त्या पोराला उतरायला जागा मिळे, आणि तेथेच त्याची बोलणी होत. सारंगांनी या सत्तेचा गैरवापर करून दस्तुरी उकळली हेही खरे आहे, आणि ती तक्रार खलाशांच्या संघटनांनी पुढे जोराने मांडली. तथापि ओळखीची ग्वाही शेवटची अशी येथेच जिवंत राहिली होती.

पारपत्राची सक्ती तुलनेने अलीकडची. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९१७ साली, हिंदुस्थानाबाहेर जाण्यास ते आवश्यक करण्यात आले. १९२० साली देशात प्रवेश करणाऱ्यांसाठी कायदा झाला. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या नागरिकाला पारपत्र द्यावे की नाही हे स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे सरकारच्या मर्जीवर होते. १९६७ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असा निर्णय दिला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये पारपत्राचा कायदा झाला. मर्जीच्या जागी हक्क आला, ही क्रांती लहान नव्हे.

१९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या आणि आखाती देशांत कामाला माणसे हवी झाली, तेव्हा कोकणच्या खेड्यांत कागदांचा प्रश्न प्रथमच घरोघर पोहोचला. १९८३ च्या परदेशगमनविषयक कायद्याखाली कमी शिकलेल्या मजुराला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'ची परवानगी आवश्यक झाली, आणि पुढे दहावी उत्तीर्ण असणे ही त्या परवानगीतून सुटण्याची सीमारेषा ठरली; त्यामुळे शाळेतील गुणपत्रक ही पेटीत जपून ठेवण्याची वस्तू झाली. मुंबईला जावयाचे म्हणजे आधी आगबोट, तीही पावसाळ्यात बंद. पुढे रात्रभराची एस. टी.; कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी. एका शिक्क्यासाठी सारे पुडके घेऊन जावे आणि एक अक्षर चुकले म्हणून परतावे, हे दुःख या जिल्ह्याने पुष्कळ सोसले आहे.

चुका बहुतेक गावातच झालेल्या असतात. महाराष्ट्रात एका पिढीच्या असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना पालकांना तारीख सांगता येत नसे आणि गुरुजी वयाच्या अंदाजाने शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख लिहून मोकळे होत. कोकणात पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा रिवाज. त्यामुळे जन्माची नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत, शाळेचा दाखला वडिलांच्या गावी आणि उरलेले कागद मुंबईत, अशी त्रिस्थळी यात्रा होते. गावनमुना १४ चे जुने जन्ममृत्यूचे कोतवाल-बुक कित्येक ठिकाणी मोडीत लिहिलेले, कसरीने खाल्लेले. ते वाचणारा मनुष्य तालुक्यात मिळणे कठीण. लग्नापूर्वीचे नाव, लग्नानंतरचे नाव, घरातले नाव; आडनावाचे रोमी अक्षरांत एकदा एक आणि एकदा दुसरे रूप. परदेशच्या कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याला यातील प्रत्येक भेद म्हणजे निराळा मनुष्य.

या कागदांवर आज जे शिक्के पडतात त्यांचा शिरोमणी अपोस्टिल. हेग येथे ५ ऑक्टोबर १९६१ रोजी झालेल्या करारान्वये सभासद राष्ट्रांनी एकमेकांच्या सार्वजनिक कागदांवरील वकिलातींची साक्षांकने रद्द करून एकाच प्रमाणपत्रावर भागवावयाचे ठरविले. चौरस आकार, दहा क्रमांकित रकाने, आणि फ्रेंच भाषेतील शीर्षक, असे त्याचे ठरलेले रूप. भारतात तो करार १४ जुलै २००५ पासून अमलात आला. प्रथम नोटरी किंवा दाखला देणारा अधिकारी, मग राज्य शासनाचा विभाग, मग परराष्ट्र मंत्रालय, अशी त्याची पायरी. हे काम पूर्वी दिल्लीतच होत असे. २०१९ पासून मुंबईसह देशातील अनेक शहरांत सोपविले गेले, आणि २०१७ पासून 'ई-सनद' नावाची घरबसल्याची व्यवस्थाही निघाली आहे. ओमान व सौदी अरेबिया या करारात आले. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र अद्यापि वकिलातीचा शिक्का स्वतंत्र घ्यावा लागतो.

परंतु अपोस्टिल काय सांगते हे नीट समजून घेतले पाहिजे. ज्याने सही केली त्याची सही खरी आहे, तो त्या अधिकारावर होता, आणि शिक्का त्याच्याच कचेरीचा आहे, एवढेच ते सांगते. आत लिहिलेला मजकूर सत्य आहे याची ग्वाही ते देत नाही. कराराच्या रचनेतच ती नाही. नोटरी प्रतीची ग्वाही देतो, राज्य नोटरीची किंवा ग्रामसेवकाची देते, मंत्रालय राज्याची देते, आणि या सर्व ग्वाह्यांच्या तळाशी जी एक ओळ असते, 'अमुक दिवशी अमक्याच्या घरी मुलगा झाला', ती ज्या हाताने लिहिली त्या हाताची काळजी कोणीच केलेली नसते. दहा शिक्क्यांनीही ती चुकीची ओळ बरोबर होत नाही. महजरावर नांगराची निशाणी करणारा मनुष्य मजकुराला जबाबदार होता. आज मजकुराला जबाबदार असा एकच मनुष्य उरला आहे, आणि तो ग्रामपंचायतीच्या टेबलाशी बसलेला निबंधक आहे. १९९८ च्या कायद्यानंतर खेड्यातील विवाहांची नोंदही त्याच्याकडेच आली आहे. जिल्ह्यातून जगात जाणाऱ्या माणसांचा सगळा भार त्याच्या लेखणीवर आहे, आणि त्याच्या दफ्तराची खोली मात्र बहुधा सर्वांत गळकी.

म्हणून शासनाने परराष्ट्र खात्याच्या खिडक्या वाढवाव्या याहून अगोदर ओरोस येथे जिल्ह्यातील सर्व जुन्या जन्ममृत्यूच्या वह्यांची मोडीसह छाननी व प्रतिलिपी करून घ्यावी, आणि राज्याच्या साक्षांकनाची सोयही तेथेच करावी. चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्या, जमातींची व देवस्थानांची दफ्तरे, शाळांची जनरल रजिस्टरे, ही सर्व त्या कामी पुरावा म्हणून उपयोगी पडण्याजोगी आहेत आणि दरवर्षीच्या पावसात ती नष्ट होत आहेत.

आणि वाचकाला विनंती अशी की परदेशी जाण्याची वेळ येईपर्यंत थांबू नये. घरातील प्रत्येकाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधारपत्र समोरासमोर ठेवून नावाचे प्रत्येक अक्षर आताच ताडून पाहावे. बाळाचे नाव जन्मनोंदीत घालावयाचे राहिले असेल तर पंधरा वर्षांच्या आत ते घालता येते. चुकीची दुरुस्ती जेथे जन्म झाला तेथील निबंधकाकडेच होते, दुसरीकडे नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या पारपत्रासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून आता जन्मदाखल्याखेरीज दुसरा कोणताही कागद चालत नाही.